काट्यावरची साक्ष

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी कारकून आहे. नाताळ दरवर्षी ऐन गाळप हंगामात येतो आणि गव्हाण, म्हणजे ऊस गाळपासाठी आत नेणारा पट्टा, त्या दिवशीही थांबत नाही, त्यामुळे 24 डिसेंबरची चार ते बारा ही पाळी करूनच मी सणाला घरी जातो.

काट्यावर प्रत्येक वाहनाचे वजन दोनदा होते. आधी उसाने भरलेल्या वाहनाचे आणि मग गव्हाणीत ऊस उतरवल्यावर रिकाम्याचे. या दोहोंतल्या फरकावर शेतकऱ्याचे बिल निघते आणि तोडणी टोळीची मजुरीही. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास नोंदी ताडून पाहताना माझ्या लक्षात आले, की लागोपाठ आलेल्या दोन रिकाम्या ट्रॅक्टरांचे क्रमांक मी एकमेकांच्या जागी टाकले होते. एका खेपेचे वजन 1 टन 8 क्विंटलने कमी लागले होते आणि दुसरीचे तेवढेच जास्त. कारखान्याच्या एकूण बेरजेत काहीच फरक पडत नव्हता, म्हणून ही चूक सहसा कोणाला सापडली नसती. पण नवरा-बायकोचा एक कोयता दिवसभर राबला, तर साधारण दीड-दोन टन ऊस तोडतो. म्हणजे एका जोडप्याच्या अख्ख्या दिवसाचे कष्ट माझ्या हातून दुसऱ्याच्या नावावर गेले होते.

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाचे पहिलेच वचन खोट्या तराजूविषयी आहे. परमेश्वराला त्याचा वीट येतो, हे मी रविवारच्या शाळेत पाठ केले होते. चर्चमध्ये मंडळीसमोर उभे राहून मी अनेकदा विश्वासाची साक्षही दिली आहे, पण तिथे ऐकणारे सगळे आपलेच असतात. इथे मात्र वजन दुरुस्तीच्या अर्जावर ‘चूक माझी आहे’ असे लिहून सही करताना हात जड झाला, आणि ज्या टोळीचे वजन कमी होणार होते तिच्या मुकादमाला ते सांगणे तर त्याहून अवघड गेले. त्याने उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच वाटून टाकली होती. त्याचा राग रास्त होता, आणि मी तो ऐकून घेतला.

पहाटे चारला तोडणी मजुरांच्या कोप्यांसमोर, म्हणजे झोपड्यांसमोर, चुली पेटल्या, तेव्हा मी दुसऱ्या टोळीच्या तळावर गेलो. भाकरी थापता थापता एका बाईने सगळे ऐकले आणि विचारले, “दादा, आमाला तर कळलंबी नसतं. मग सांगाया कशापायी आलात?”

“ताई, मी ख्रिस्ती आहे,” मी म्हणालो. “आज माझ्या प्रभूचा जन्मदिवस. तुमचं वजन दाबून मला त्याच्यापुढं उभं राहता आलं नसतं.” याहून जास्त मला सुचले नाही. तिने तव्यावरची भाकरी उलटली, पदराने हात पुसले आणि मला चहा दिला. तो पिऊन मी उपासनेला गेलो.

दोन दिवसांनी तिच्या टोळीचा ट्रॅक्टर काट्यावर आला, तेव्हा ती स्वतः खिडकीशी येऊन म्हणाली, “दादा, किती भरलं ते मोठ्यानं वाचा, मला लिहिलेलं कळत नाही.” मी आकडा वाचला आणि तिने तो पुन्हा म्हणून घेतला. तेव्हापासून कोणी विचारो वा न विचारो, प्रत्येक खेपेचे वजन मी खिडकीबाहेर ऐकू जाईल असे वाचतो.