तिकडं सकाऊन काय खात होते जी?

बोत्सवानाहून परत आलो तेव्हापासून गावात हा एकच प्रश्न फिरून फिरून येतो, लग्नात पंगतीत बसलो तरी, पानठेल्यावर उभा राहिलो तरी. "तिकडं सकाऊन काय खात होते जी भाऊ? आपलं काई भेटे का नाई?" विचारणाऱ्या जास्त करून बाया असतात, कारण आता आमच्या दारव्ह्याकडची पोरं पण बोअरच्या गाड्यांवर बाहेर देशात जायला लागली आहेत, पासपोर्ट काढून बसली आहेत, आणि त्यांच्या आईला पगाराच्या आधी न्याहारीची काळजी. मागच्या आठवड्यात एका काकूने तर थेटच विचारलं, "माह्या पोराले उठल्याबरोबर पोहे लागते, तिकडं कोन करून देईन त्याले?" तेव्हा म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढतो.

तर उत्तर असं की मी तिकडे जवारी खाल्ली. रोज सकाळी. आणि इथे गावात खात होतो त्याच्यापेक्षा जास्त खाल्ली.

हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, त्यांना वाटतं मी गंमत करतो आहे. म्हणून आधी थोडं देशाबद्दल. बोत्सवाना आफ्रिकेच्या दक्षिणेला आहे, आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट जागा आणि माणसं 2022च्या जनगणनेत 24 लाखांच्या आत, म्हणजे मोकळंच मोकळं. बराचसा भाग कलाहारीच्या रेतीचा, पाऊस कमी, त्यामुळे गुरांना पाणी पाजायला बोअरशिवाय इलाज नाही आणि आमचं काम तेच होतं. राजधानी गॅबरोनी. तिथे भारतीय किराणा मिळतो, तूरडाळ, पोहे, साबुदाणा, हिंग, काय म्हणाल ते. पण आमची गाडी उभी राहायची सेरोवेच्या पलीकडे, गॅबरोनीपासून 300 किलोमीटरच्या वर, गुरांच्या वाड्यांवर, जिथे दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली, तिच्यात साखर, चहा, तेल, मेणबत्त्या आणि पिठाच्या थैल्या.

पोह्याचं आधी सांगून टाकतो कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. पोहे नेता येतात, मी पण नेले. जाड पोहे न्यायचे, पातळ नेले की बॅगेत चुरा होतो. तिकडची हवा इतकी कोरडी की पोहे घरच्यासारखे एकदा धुऊन ठेवले तर मधून कडकच राहतात, दोनदा पाणी मारून झाकून ठेवावे लागतात. सांभार, म्हणजे कोथिंबीर, तिकडे खेड्यात मिळत नाही, तर किराण्यातले धने दोन फाका करून रिकाम्या तेलाच्या डब्यात पेरायचे, सावलीत ठेवायचे, येतो. तर्रीला काळे चणे आणि आपला मसाला नेला की झालं. रविवारी सुट्टीच्या दिवशी आम्ही तर्री पोहे करायचो आणि सगळा कॅम्प खायचा, तिकडचे ड्रिलर पण, डोळ्यातून पाणी येईपर्यंत खायचे आणि अजून मागायचे. पण हे रविवारचं झालं. पाच-सहा किलो पोह्यात माणूस किती दिवस काढणार? रोजच्या सकाळचं वेगळं असतं, त्यासाठी जे नेलं ते पुरत नाही, जे तिथे पिकतं तेच लागतं.

आणि तिथे जवारी पिकते. त्यांच्या भाषेत तिला माबेले म्हणतात. जवारी मूळची आफ्रिकेचीच, हजारो वर्षांपूर्वी तिकडूनच आपल्याकडे आली, हे शाळेत कुठे शिकवलं असेल तर मला आठवत नाही, मला ते कळलं पहाटेच्या थंडीत तिकडच्या चुलीपाशी बसल्यावर. जून-जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा, आपल्या मृगाच्या पेरण्या चालतात तेव्हा त्यांची जवारी कापून झालेली असते, आणि रेतीच्या भागात रात्री पारा शून्याजवळ जातो. कॅम्पवर स्वयंपाकाला एक वयस्कर बाई होत्या, सगळे त्यांना म्मा म्हणायचे, तिकडे मोठ्या बाईला तसंच म्हणतात. त्या अंधारात उठून तीन पायांच्या काळ्या लोखंडी भांड्यात पाणी ठेवायच्या, आणि बाजूला एका बादलीत आदल्या दिवसापासून कालवून ठेवलेलं जवारीचं पीठ, झाकण काढलं की आंबूस वास. त्याला टिंग म्हणतात. कोमट पाण्यात पीठ कालवायचं, त्यात आधीच्या टिंगचं थोडं विरजण घालायचं, उबेला एक-दोन दिवस ठेवायचं, मग उकळत्या पाण्यात सोडून लाकडी दांड्याने घोटत राहायचं. घट्ट केलं तर जेवणाला, पातळ केलं तर न्याहारीला. वरून साखर आणि दूध, नाहीतर त्यांचं मादिला, म्हणजे घट्ट आंबट दूध.

मी पहिला घोट घेतला आणि मला महालक्ष्म्या आठवल्या. आंबील हो, दुसरं काही नाही! आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या, पुरण, सगळं असतं पण आंबील नसेल तर ताट पुरं होत नाही, आणि ती आंबील मी वर्षातून एकदा खाणारा माणूस, तिथे इतक्या लांब रेतीत बसून तीच चव वाटीभर समोर, आणि ती पण सणाची नाही तर रोजची, गुराख्यापासून मास्तरपर्यंत सगळ्यांची. त्या दिवशी मी किती खाल्लं ते विचारू नका, म्मा खूष झाल्या.

मग मी त्यात माझं घातलं. साखर नको म्हटलं, मीठ द्या. छोट्या कढईत तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, दोन सुक्या मिरच्या, आणि ती फोडणी चर्रकन टिंगवर. पहिल्यांदा सगळे लांबून बघत होते. चार दिवसांत माझ्या फोडणीसाठी वाट्या पुढे यायला लागल्या, आणि म्मांनी लसूण स्वतःच सोलून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे सकाळी उठल्यावर माझं काम फक्त कढई तापवायचं. घरापासून दूर राहणाऱ्याला ह्याच्याहून जास्त काय पाहिजे.

तिकडचं पीठ आपल्या भाकरीच्या पिठापेक्षा जाड, जवळजवळ बारीक कण्यांसारखं. म्हणून कण्या तर फार सोप्या झाल्या, पाण्यात शिजवायच्या आणि वरून ते मादिला घुसळून ताक करून ओतायचं. उकडपेंडी पण जमली, पीठ तेलावर खमंग भाजून, कांदा, तिखट, आंबट दुधाचा हबका मारून झाकण. भाकरीला मात्र कष्ट आहेत. जवारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाई नसते हे आपल्या सगळ्या बायांना माहीत आहे, त्यात पीठ जाड म्हणजे थापता थापता कडा फाटतात, तर पीठ आधी चाळून घ्यायचं, निम्म्या पिठाला उकळतं पाणी घालून उकड काढायची, मग बाकीचं पीठ मिसळून गरम असतानाच मळायचं. तशी भाकर होते, लहान होते पण होते. त्याच्यासोबत काय? बरबटी आहे ना. बरबटी पण आफ्रिकेचीच, तिकडे तिला दिनावा म्हणतात, दाणे शिजवून खातात आणि कोवळ्या पाल्याची भाजी करतात, तो पाला वाळवून वर्षभर ठेवतात. आम्ही दाणे भिजवून, भरडून बरबटीचे वडे काढले, लसूण तिखट घालून. म्मांनी त्यांच्या गावी जाऊन शेजारणींना शिकवले, पुढे परत आल्या तेव्हा सांगत होत्या की लेकरांनी संपवले.

आणि तोंडी लावायला अचार. हो, अचारच म्हणतात, त्या पत्र्याच्या दुकानात पण बरणीत मिळायचं, कैरीचं, लाल तेलातलं. 1860 पासून नाताळच्या उसाच्या मळ्यात आपल्याकडचे मजूर जहाजाने नेले होते, त्यांची लेकरं-नातवंडं दक्षिण आफ्रिकेतच राहिली आणि त्यांच्या हातची चव शेजारच्या देशांत पण पोचली. तिकडची शाळेतली पोरं सकाळी बसस्टँडवर मॅग्विन्या नावाचे तळलेले गोल मैद्याचे गोळे घेतात आणि ते फोडून आत अचार भरून खातात. मला ते पोटाला जड पडायचं, पण प्रवासात असलो तर खायचो, वास आपला होता.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते हे. तिकडे पण ताटातून जवारी जात होती. मक्याचं पीठ दुकानात आयतं, पांढरंशुभ्र, आणि जवारीचं कोंडं काढायला बाईला उखळात तासनतास कांडावं लागायचं, मग कोण करेल? तेव्हा कान्ये नावाच्या गावात रुरल इंडस्ट्रीज इनोव्हेशन सेंटर नावाची संस्था होती, त्यांनी जवारीचं कोंडं काढायची छोटी मशीन बनवली, 1980च्या आसपासची गोष्ट, आणि ती गावोगावच्या गिरण्यांत बसली. बायांचं कांडण वाचलं, जवारीचं पीठ पण मक्यासारखं थैलीत मिळायला लागलं, आणि म्हणून आज ते ताटात टिकून आहे. तिकडची सगळी जवारी तिथेच पिकत नाही, दक्षिण आफ्रिकेतून पण येते. उत्तरेला पांडामातेंगा म्हणून भाग आहे तिथे मोठी शेती आहे जवारीची, आणि तिथली माती कशी, तर आपल्यासारखी काळी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. तिथे हत्ती पिकात घुसतात. जगात सगळ्यात जास्त हत्ती बोत्सवानात, 1 लाख 30 हजाराच्या आसपास. तरी ते लोक पेरतात, तारा लावतात, राखण करतात.

आणि आपण? माझ्या लहानपणी आमच्या शिवारात दिवाळीच्या आधी जवारीची कणसं डोक्याच्या वर असायची. 1964 मध्ये सीएसएच-1 हे पहिलं संकरित वाण आलं तेव्हापासून आमच्याकडे जवारीला हायब्रेटच म्हणायचे, आजोबा म्हणायचे हायब्रेटने पोट भरलं पण चव गावरानीची. आता सोयाबीन आणि कपाशी. बैल गेले तर कडबा कोणाला पाहिजे, कापणीच्या टायमाला पाऊस आला की कणीस काळं पडतं, आणि उरलेलं रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, ठेवत नाही. शेतकऱ्याला नावं ठेवायची नाहीत, मी स्वतः शेतकऱ्याच्या घरचा आहे, रात्रभर मचाणावर बसून हाती काय लागतं ते मला माहीत आहे. पण 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आपल्याच देशाच्या मागणीवरून भरड धान्याचं वर्ष साजरं केलं आणि त्याच वर्षी आमच्या घरी भाकरीसाठी जवारी दुकानातून विकत आली, बाहेरच्या जिल्ह्यातली, गव्हापेक्षा महाग. मला ते लागलं. अजून लागतं. कान्येसारखी एक चांगली मशीन, राखणीला सरकारी तारेचं कुंपण आणि हमीभावाने खरेदी, एवढं जरी तालुक्याला मिळालं तरी लोक पेरतील, लोकांची जीभ अजून विसरलेली नाही. तिकडून आणलेलं पीठ मी आमच्या आजीला दाखवलं होतं, थोडं लालसर असतं ते. तिने बोटांत घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "हे तं मिलोवानी दिसते." 1972 च्या दुष्काळात अमेरिकेची लाल जवारी, म्हणजे मिलो, खाल्लेली बाई, पन्नास वर्षांनी पण बोटाने ओळखते.

तर ज्यांची पोरं जाणार आहेत त्यांना माझं सांगणं, तिथे आपलं हॉटेल आहे का हे नका विचारू, तिथे पिकतं काय ते विचारा. सुदानला गेला तर जवारीच्याच आंबवलेल्या पिठाची पातळ पोळी असते, किसरा म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत माबेलेचं पीठ दुकानात मिळतं. अमेरिकेत कॅन्ससमध्ये जवारीच जवारी, तिकडे बरीचशी जनावरांना आणि इथेनॉलला जाते पण दुकानात सोरघम फ्लोर म्हणून पीठ मिळतं, थोडं महाग. दुबई-मस्कतवाल्यांनी काळजीच करू नये, तिथे सगळं मिळतं. आणि जिथे जाल तिथे स्वयंपाक करणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसायचं, सकाळी, मोबाईल खिशात ठेवून, त्यांचं आधी खायचं आणि मग आपली फोडणी द्यायची.

बॅगेत न्यायचं ते थोडंच आहे काकू. भिवापुरी मिरच्या सुक्या, देठ काढून. मोहरी, जिरं, हिंग. जवसाची चटणी, कोरडी, चांगली पॅक केलेली, महिना-दोन महिने आरामात टिकते. दोन किलो जाड पोहे त्याच्या समाधानासाठी द्या. आणि लोखंडी तवा द्या, वजन होतं म्हणून काढू नका, तिकडच्या पातळ नॉनस्टिकवर भाकर फुगत नाही. भाकर थापायला मात्र इथेच शिकवून पाठवा, अजून दोन महिने आहेत त्याच्या जाण्याला.