आधी वेचे, मग सिद्धान्त: गुरुदेव रानड्यांची अध्यापनपद्धती

गुरुदेव रानडे यांचे नाव बेळगावात बहुधा भक्तिभावाने घेतले जाते. हिंदवाडीतील त्यांच्या नावाच्या मंदिरामुळे ते स्वाभाविकही आहे. इथल्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवताना मला मात्र त्यांच्यातला प्राध्यापक अधिक जवळचा वाटत आला आहे. जमखंडीत १८८६ मध्ये जन्म, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन, १९२७ पासून अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व पुढे तिथेच कुलगुरू, आणि १९५७ मध्ये विजापूर जिल्ह्यातील निंबाळ येथे देहावसान, असा त्यांचा जीवनक्रम.

उपनिषदांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, ज्या वचनांवर विवेचन उभे आहे ती मूळ संस्कृत वचने छापलेली आहेत. लेखकाने काढलेला अर्थ वाचकाला तिथल्या तिथे पडताळता येतो. मराठी संतांविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये आला. त्याच्या जोडीला ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास आदींच्या निवडक वचनांची ‘वचनामृते’ त्यांनी मराठीत सिद्ध केली. माझ्या मते त्यांचे खरे संशोधन या निवडीतच आहे, कारण कोणते वचन घ्यायचे आणि कशाशेजारी ठेवायचे हे ठरवतानाच निम्मा सिद्धान्त आकाराला येतो.

हीच रीत मी वर्गात चालवतो. कठोपनिषदातील रथाचे रूपक शिकवण्याआधी त्याचे मूळ श्लोक फळ्यावर लिहितो. आत्मा रथी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. एकदा खानापूरकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, रथ कुठे न्यायचा हे रथी ठरवतो की सारथी?” मागच्या बाकावरील कानडी घरातला मुलगा लगेच सारथ्याच्या बाजूने बोलू लागला आणि तो तास त्या वादातच संपला. पुढच्या तासाला ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचे रथाचे रूपक घेतले. त्यात विवेक हाच सारथी असून वेगळा रथी नाहीच. त्यामुळे तिच्या प्रश्नाचे महत्त्व सर्वांना एकदम उमगले. दोन परंपरांची तुलना करावी ती अशा नेमक्या ठिकाणी, नाहीतर ती साम्यांची नुसती यादी होते.

एम.ए.च्या लघुप्रबंधांसाठीही आता मी प्रथम वेच्यांची वही मागतो. मराठी अभंग असोत की कन्नड वचने, ती मूळ रूपात, संदर्भासह उतरवून आणल्याशिवाय पहिल्या प्रकरणाची चर्चा मी सुरू करत नाही.