गायरान ‘वापरात नाही’, असं कागदावर लिहिलं होतं

दिवाळी सरली आणि गायरानात, म्हणजे गावच्या जनावरांना चरायला राखलेल्या जमिनीत, चुन्याच्या रेघा दिसल्या. शेरडं चारून आलेल्या चुलतीनं दारातूनच विचारलं, “आरं, गायरानात कुणी घर बांधतंय का?” दुसऱ्या दिवशी तलाठ्यांकडे गेलो तेव्हा कळलं, तिथं सौर प्रकल्प येणार आहे.

दिवसाची वीज मलाही हवी आहे. आमचं गाव माणदेशातलं. डाळिंबाला पाणी द्यायला थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर गेलोय, वाफ्यात घोणस पाहून जागच्या जागी थिजलोय. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली, त्यातल्या प्रकल्पांची वीज शेतीच्या फीडरला (शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला) दिवसा मिळणार हे ऐकून मला आनंदच झाला होता. त्यामुळे “तुम्ही विकासाला आडवे येताय” हे वाक्य फार लागलं. आमचा विरोध जागेला होता.

गायरानच का, हे आकडे बघितल्यावर समजलं. या योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, शिवाय दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र १ रुपयानं मिळते.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. महिना भरत आला तेव्हा गायरान प्रकल्पाला द्यायच्या ठरावाची नक्कल हातात पडली. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १००, यातला कमी तो आकडा. तेवढे लोक जमले नाहीत म्हणून सभा तहकूब झाली होती, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तिथं ठराव झाला. त्या दिवशी मी बाजारला गेलो होतो, याची रुखरुख अजून आहे. ठरावात एक ओळ होती: ‘सदर जागा पडीक असून वापरात नाही.’

ती ओळ खोटी ठरवायची, एवढंच आम्ही मनाशी धरलं. शाळेची दोनशे पानी वही घेतली. रोज सकाळी गायरानाच्या तोंडाशी दोघांनी बसायचं आणि कुणाची किती जनावरं गेली ते लिहायचं. एका धनगर आजोबांनी मला हाताला धरून माळावर फिरवलं. दुरून सगळं गवत सारखंच दिसतं. त्यांनी काडी काडी उपटून दाखवली: ही मारवेल, ही पवन्या, ही कुसळी. “कुसळी कवळी हाय तवाच चारायची. वाळली की कुसळं लोकरीतनं कातड्यात घुसत्यात.” मी हे सगळं वहीत उतरवलं. पुढं हरकतीला त्याच पानांच्या झेरॉक्स जोडल्या.

जमीन महसूल संहितेचं कलम २२-अ आम्हाला एका ओळखीच्या वकिलांनी वाचून दाखवलं. सार्वजनिक कामाला गायरान देता येतं, पण दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तरच. मग प्रकल्पासाठी दुसरी जमीन, खासगी का होईना, शोधणं आमच्याच अंगावर आलं. उपकेंद्रापासून चार किलोमीटरवर तिघा भावांचा मुरमाड माळ आहे, कुळीथसुद्धा धड येत नाही. दोघे लगेच तयार झाले. तिसरा पुण्यात असतो. त्याच्या सहीसाठी तीन हेलपाटे घातले.

गावात सगळे आमच्या बाजूनं नव्हते. योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल ५ लाख मिळतात आणि शाळेच्या दोन खोल्या गळतात. माझा शेजारी भर सभेत म्हणाला, “तुमच्या शेरडांपायी पोरांनी भिजायचं का?” त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मी एवढंच म्हणालो, प्रकल्प शिवारातच राहू दे, गायरान सोडून. विशेष ग्रामसभेत बायका पहिल्यांदाच एवढ्या आल्या, आणि जुना ठराव रद्द झाला.

त्यानंतर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) सुनावणी आणि जागेवर संयुक्त पाहणी. साहेबांनी वही उभ्या उभ्या चाळली, मग शेळ्यांच्या वाटेनं पाझर तलावापर्यंत चालत गेले. उन्हाळ्यात पत्र आलं: गायरानाचा प्रस्ताव मागं घेतला, पर्यायी जागा तपासावी.

मुरमाड माळाच्या सातबाऱ्यावर वारसनोंद राहिली आहे, त्यामुळे फाइल तिथंच थांबलीय. रेघा पहिल्या पावसात धुऊन गेल्या. चुलती शेरडं घेऊन पुन्हा तिकडंच जाते. आणि सोमवारपासून आमच्या फीडरला परत रात्रीची पाळी आहे.