वाकळ नं. 7: आडवी घातली तेव्हा सुटली

वाकळ नं. 7 काल फ्रेमवरून उतरली. गोट लागायचा आहे, पण लाँगआर्मचं, म्हणजे लांब मानेच्या क्विल्टिंग मशीनवरचं, काम संपलं. एकदा पूर्ण उसवून, दुसऱ्यांदा चढवून. उसवण्याची गोष्ट आधी सांगते, कारण शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

वरचा थर मावशीच्या सहा सुती साड्यांचा. साडेसहा इंची चौकोन कापले, जोडल्यावर सहा इंची राहिले. 10 गुणिले 13, म्हणजे 130 तुकडे, 60 बाय 78 इंच. जोडकाम मी पावसाळ्यात भारतात गेले होते तेव्हा साताऱ्याला झालं, मावशीच्या पायमशीनवर. तिथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मधे पातळ बॅटिंग, म्हणजे आतला भरणाचा थर, 80 टक्के सुती, 20 टक्के पॉलिएस्टर. (घरात 'बॅटिंग संपली' म्हटलं की नवरा अजून स्कोअर विचारतो. सात वाकळी झाल्या, विनोद तोच.) पाठीला मावशीचीच एक जांभळी पाचवारी. ती मोजली तर 197 इंच भरली. फ्रेमवर पाठ चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त लागते. म्हणून 86 इंचांचे दोन तुकडे काढले आणि शेजारीशेजारी जोडले.

चूक इथे झाली. त्या साडीचा काठ मला फार आवडतो, म्हणून काठाला काठ लावून मधोमध शिवण घेतली. पाठीवर उभा जरीपट्टा आला, दिसायला झकास. तशीच लांबीने रोलरवर गुंडाळली.

ज्यांनी लाँगआर्म वापरलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वाकळ स्थिर असते आणि मशीन रुळांवर फिरतं. पाठ दोन रोलरांच्या मधे ताणलेली, तिच्यावर बॅटिंग आणि वरचा थर. आमच्या इथल्या दुकानातल्या मशीनची मान (सुईपासून मागच्या खांबापर्यंतची जागा) 22 इंची आहे, पण रोलरवर कापड जाड होत गेलं की हाताला 16 इंच मिळाले तरी पुष्कळ. तेवढा पट्टा शिवायचा, रोलर फिरवायचा, पुढचा पट्टा. इथे अमेरिकेत, सेंट लुईसमधे, हे मशीन तासावर भाड्याने मिळतं, आधी अर्ध्या दिवसाचा वर्ग करावा लागतो.

तर, माझी उभी शिवण दर वेढ्याला स्वतःवरच बसत गेली. साडीचं अंग तलम, काठ दाट विणीचा, त्यात जर. चार पदरी काठाचा मधोमध उंचवटा झाला आणि दोन्ही अंगांना झोळ पडला. वरून काहीच कळत नव्हतं. मी पानाफुलांचा पँटोग्राफ लावला होता. त्यात मशीनच्या मागे उभं राहून कागदावरच्या नक्षीवरून लेझरचा ठिपका फिरवायचा असतो, सुई कुठे चालली आहे ते दिसत नाही. दोन ओळी झाल्यावर खालून हात फिरवला तेव्हा बोटाला चुणी लागली. मग दुसरी. मोजल्या तर अकरा. शिवाय वळणांवर पाठीला दोऱ्याच्या बारीक पापण्या आलेल्या, कारण वळणं मी घाईत घेतली होती आणि वरचा ताण सैल होता.

दोन ओळी उसवायला चार संध्याकाळी गेल्या. दहा टाके इंचाला होते! नव्या कॉटनवर सुईची भोकं एका धुण्यात मिटतात. तीस वर्षं धुतलेल्या साडीवर ती मिटत नाहीत. त्या दोन ओळींची ठिपक्यांची नक्षी आता कायमची राहणार.

दुसरी खेप. पाठीची शिवण उसवली, मधले दोन्ही काठ कापून टाकले (जीव तुटला), अर्धा इंच दाब ठेवून पुन्हा जोडली आणि शिवण उलगडून इस्त्री केली. बाकीचे काठही काढले, कारण काठ अंगाइतका ताणत नाही आणि कडा चुरमडते. मग वाकळच आडवी घातली: 78 ची बाजू रोलरच्या लांबीला, म्हणजे शिवण रोलरला समांतर. आता ती एकाच वेढ्यात सपाट गुंडाळली जाते, उंचवटा होतच नाही. फ्रेम 12 फुटी आहे, 86 इंच आरामात बसतात. आडवं घातल्याने रोलरही कमी वेळा फिरवावा लागला. पाठ जोडाची असेल तर आधी शिवणीची दिशा बघा आणि मग वाकळ कशी घालायची ते ठरवा, एवढं माझं ऐका.

पँटोग्राफ रद्द. खरं तर झोळ नसता तरी तो नकोच होता असं आता वाटतं, दाट वेलबुट्टीने जुनी साडी पुठ्ठ्यासारखी होते. त्याऐवजी एकेक इंचावर सरळ रेघा. मशीनची उभी चाकं लॉक केली की ते फक्त डावी-उजवीकडे धावतं, रेघ आपोआप सरळ येते. टाका लांब केला, इंचाला आठ. सुई 18 ची काढून 16 ची लावली, भोक लहान पडतं. बॉबिनचा ताण नेहमीसारखा बघितला: बॉबिनची डबी दोऱ्याला लटकवायची, हलका झटका दिला की कोळ्यासारखी थोडी खाली येऊन थांबली पाहिजे. बाजूच्या मोकळ्या पट्टीवर चार रेघा मारून पाठ बघितली. पापण्या नाहीत.

दर वेळी रोलर फिरवल्यावर लॉक केलेल्या मशीनची सुई एका चौकोनाच्या शिवणीवर ठेवून टोकापासून टोकापर्यंत नुसती सरकवली. शिवण सुईखालून ढळली तर वरचा थर तिथेच हलका ओढून कच्ची टीप. हे केलं नाही तर रेघा सरळ आणि चौकोन कमानीसारखे वाकलेले दिसतात (पाहा वाकळ नं. 5, किंवा नका पाहू). एका ठिकाणी बॉबिन संपलं आणि अर्धी रेघ नुसतीच भोकं पाडत गेले. दोन चौकोन जुन्या घडीवर विरले. त्यांच्यावर त्याच साडीचे तुकडे हाताने लावले.

खर्च लपवत नाही. इथे कुणाला करायला दिलं असतं तर चौरस इंचाला अडीच सेंट, 4680 इंचांचे 117 डॉलर. मला तासाला 30 प्रमाणे दोन्ही खेपा मिळून सात तासांचे 210 पडले.

रात्री मावशीला व्हिडिओवर दाखवली. ती चष्मा पुसून म्हणाली, "मशीनवर केलीस, मग वाकळ कशी म्हणायची गं?" हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. इथून अडीच-तीन तासांवर केंटकीत पडुका आहे, तिथल्या मोठ्या प्रदर्शनात 1989 साली कॅरोल ब्रायर फॅलर्ट यांच्या 'कोरोना टू' या रजईला सर्वोच्च बक्षीस मिळालं. मशीनवर क्विल्ट केलेल्या रजईला ते पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि हाताने करणाऱ्यांना ते रुचलं नव्हतं. ती रजई आता तिथल्याच संग्रहालयात आहे. मी हे मावशीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असू दे. पण तू सरळ रेघा का मारल्यास? आम्ही कडेनं सुरू करतो आणि फिरत फिरत मधी येतो."

बरोबर आहे तिचं. हाताने धावदोरा घालताना आख्खी वाकळ जमिनीवर पसरलेली असते, आपण तिच्यावर बसून सरकत असतो, कडेपासून मधल्या चौकोनापर्यंत. फ्रेमवर एका वेळी सोळा इंचच उघडे असतात, बाकीची गुंडाळलेली. फेरी मारायची कुठून? मी म्हटलं, "रोलर आडवा येतो गं." त्यावर ती "मग मधला चौकोन तरी हातानं घाल" म्हणाली आणि फोन तिच्या नातवाने घेतला.

मधले चार चौकोन हाताने घालायचे ठरवलंय, रेघांच्या मधल्या जागेत. गोटासाठी उरलेल्या एका साडीतून लांबीने अडीच इंची दोन पट्ट्या काढल्या आहेत. वाकळीचा घेर 276 इंच, कोपरे आणि जोड धरून 290 लागतील, दोन पट्ट्यांत भागतं. ताग्याच्या रुंदीतून काढल्या असत्या तर बरेच जास्त जोड द्यावे लागले असते. सरळ कडांना उरेब लागत नाही. पुढच्या रविवारी धुणार. साड्या आता काही आटत नाहीत, पण बॅटिंग आटेल, सुरकुती किती पडते ते फोटोसकट कळवते.