आमची वाटचाल : लग्नपत्रिकांपासून कादंबरीपर्यंत

आमचा छापखाना रत्नागिरीत. सासऱ्यांनी ट्रेडल मशीनवर खिळे जुळवून सुरू केलेला. पावतीपुस्तकं, आरतीसंग्रह आणि लगीनसराईत पत्रिका, यावर घर चाललं. 2020 च्या टाळेबंदीत पत्रिका थांबल्या, आणि पुढे लोकांना मोबाईलवरच्या आमंत्रणाची सवय झाली ती झालीच. ऑफसेटचा हप्ता मात्र दर महिन्याला होता. मग आम्ही पुस्तकं काढायचं ठरवलं.

सुरुवातीला दोन कवितासंग्रह केले. तिसरं हस्तलिखित एका शिक्षिकेचं, तिची पहिलीच कादंबरी. नायिका सागरी पोलीस ठाण्यातली उपनिरीक्षक. खाडीत आतवर, कांदळात, म्हणजे खारफुटीच्या झाडीत, एका खलाशाचं प्रेत अडकलेलं सापडतं. बुडून मेला म्हणून सगळे मोकळे होतात, ही बाई होत नाही. पंचनाम्याला उभी राहिली की ती आधी झाडांवर चिखलाची रेघ कुठवर चढलीय ते बघते, मग माणसांना विचारते. त्या पानावरच मी ठरवलं, हे पुस्तक आपणच करायचं.

श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना ‘दर्यात’चं ‘दऱ्यात’ झालं होतं, ते निस्तरलं. कथा 2024 च्या श्रावणातली, म्हणजे 1 जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाल्यानंतरची. तेव्हा खुनाचं कलम 302 नव्हे, 103. अकस्मात मृत्यूची नोंदही जुन्या 174 ऐवजी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 194 खाली. हे एका निवृत्त हवालदारांनी वेळेवर दाखवलं. त्यांचे उपकार आहेत.

खरी चूक सापडली ती सोळा-सोळा पानांचे चार फॉर्म छापून झाल्यावर. आमचे मशीनमन मामा मिरकरवाड्याचे. शाई बघायला कागद उचलला आणि वाचतच उभे राहिले. म्हणाले, ‘‘वहिनी, खून अष्टमीच्या रात्री लिवलाय. अष्टमीला भांग. येवढं पाणी खाडीत चढेल कसं? प्रेत कांदळात जायचंच नाही.’’

खरंच होतं. उधाण अमावास्या-पौर्णिमेला, अष्टमीच्या आगेमागे भरती तोकडी, तोच भांग. आणि सगळा तपास त्या पाण्याच्या रेघेवर उभा! चौसष्ट पानं, पाचशे प्रतींची, रद्दीत गेली. कागदवाल्याची उधारी अजून फिटायची होती. ह्यांनी एकदाच विचारलं, ‘‘नक्की ना?’’ मी नक्की म्हटलं.

लेखिकेनं खून नारळी पौर्णिमेवर नेला. त्या दिवशी सगळं बंदर नारळ सोडायला धक्क्यावर, म्हणजे साक्षीदारच साक्षीदार. मध्यरात्रीच्या भरतीपर्यंत कोण कुठे होतं, हे उलगडताना दोन प्रकरणं नव्यानं लिहावी लागली, आणि तीच पुस्तकातली सर्वांत चांगली झाली असं माझं ठाम मत आहे.

आता तिच्या दुसऱ्या कादंबरीचं हस्तलिखित आलंय. पहिली प्रत मामांच्या घरी दिली आहे. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, होडी शाकारून त्यांचे भाऊही घरीच आहेत, ते तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. दोघं मिळून वाचतायत.