मांजरं आणि कुंड्या: पावसाळ्यातली फेरमांडणी

मंडळी, पाऊस धरल्यापासून ढबी आणि काळू ही आमची दोन्ही मांजरं घरातच असतात. यवतेश्वराच्या डोंगराकडून ढग उतरले की गॅलरी बंद, आणि मग सगळा मोर्चा कुंड्यांकडे. उन्हाळ्यात अर्धवट राहिलेली मांडणी म्हणून आता पुरी केली.

पहिला घराबाहेर गेला सायकस. नर्सरीत तो अरेका पामच्या शेजारीच मांडलेला असतो आणि लोक त्यालाही पामच समजतात. अरेका मांजरानं खुशाल चावावा. सायकसचा मात्र प्रत्येक भाग विषारी, बिया सगळ्यात जास्त, आणि घाव थेट यकृतावर. माझा सायकस आता शाहूपुरीत मावसभावाच्या अंगणात आहे. त्याच्याकडे कुत्रं-मांजर काही नाही.

दुसरा नियम लिलीचा, आणि यात मी कुणाचं ऐकणार नाही. सत्काराच्या गुच्छात असते ती मोठ्या पाकळ्यांची, तांबूस परागांची लिली मांजराच्या मूत्रपिंडांचा घात करते. पान खायलाही लागत नाही. पराग अंगावर सांडले आणि मांजरानं अंग चाटलं, किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. परवा बाबांच्या निवृत्तीचे गुच्छ आले, त्यातला लिलीचा गुच्छ जिन्यातूनच खालच्या काकूंकडे गेला. आईनं स्वतः नेऊन दिला, याचा मला फार आनंद झाला.

पीस लिली नावापुरतीच लिली. ती, मनी प्लांट, मॉन्स्टेरा, डिफेनबेकिया या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग, लाळ, कधी उलटी. त्रास होतो, पण सहसा जीवावर बेतत नाही. म्हणून ही झाडं ठेवलीत, पण छताच्या हुकाला टांगून. मनी प्लांटच्या लोंबत्या वेली छाटल्या, कारण हलणारी वेल दिसली की काळू उडी घेतोच. जीवघेणी झाडं मात्र उंच फळीवर ठेवून भागत नाही. फळीवर मांजर चढतं, आणि गळलेलं पान खाली येतं.

आता या महिन्यातलं सगळ्यात समाधानाचं काम: गव्हाची कुंडी. ढबी कसं खाते ते जवळून बघितलं. मान तिरकी करते, पातं दाढेत धरते आणि कचाकचा चावते. तिला लांब, अरुंद, हलणारं पान हवं असतं. म्हणून पसरट कुंडीत रात्रभर भिजवलेले गहू पेरले. वीतभर झाले की खिडकीत, आणि एक कुंडी संपायच्या आत दुसरी पेरलेली. तेव्हापासून स्पायडर प्लांटला नवी पानं टिकायला लागलीत. (तो निर्धोक आहे, पण पार बुडख्यापर्यंत खाल्ला होता.) घरात ज्वारी पडलेली असली तरी ती पेरू नका. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं. ती खाऊन गुरं दगावतात, हे आपल्याकडं कुणाला नव्यानं सांगायला नको.

कुंड्यांतलं बोनमीलही (खत म्हणून घालायचा हाडांचा चुरा) बंद केलं. त्या वासानं काळू माती उकरायचा. वर नदीतले गोटे पसरलेत, इतके मोठे की त्याला पंजानं हलवता येत नाहीत.

फ्रिजवर एक कागद लावलाय: घरातल्या झाडांची नावं, आपल्या पशुवैद्यांचा नंबर, आणि खंबाटकी ओलांडल्यावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही. संशय आला तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. झाडाची फांदी पिशवीत घालून सरळ डॉक्टर गाठायचा. लिली असेल तर लक्षणं दिसायची वाट बघायची नाही. वेळेत सलाईन लागलं तर मांजर वाचू शकतं.

सायकसच्या रिकाम्या कोपऱ्यात कॅलथिया ठेवायचा विचार आहे. तो मांजरांना चालतो. पण आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याच्या पानांच्या कडा करपतात. कुणी टिकवला असेल तर पाणी कसं देता ते सांगा.