आमची वाटचाल : पावसाळ्यात खत न विकणारे खतवाले

मुलुंडच्या आमच्या गॅलरीत मोगऱ्याच्या चार कुंड्या होत्या, नुसती हिरवीगार पानं, फूल मात्र शपथेला नाही. शेणखत झालं, गांडूळखत झालं, मग नर्सरीवाल्या काकांनी कागदात बांधून थोडी तपकिरी पावडर दिली, म्हणाले वहिनी, छाटणी करा, ऊन दाखवा आणि हे चमचाभरच टाका. त्या एप्रिलमध्ये सकाळी गॅलरीचं दार उघडलं की वास घरभर. माझी आणि जाऊबाईंची वाटचाल इथून सुरू झाली.

ती पावडर म्हणजे ग्वानो, समुद्रपक्ष्यांची वर्षानुवर्षं साठलेली वाळकी विष्ठा. पेरू देशातली चिंचा बेटं यासाठी प्रसिद्ध, दोन्ही नावं फळांचीच वाटतात पण खरी कमाई पक्ष्यांची. हम्बोल्ट या जर्मन संशोधकाने १८०४ च्या सुमारास याचे नमुने युरोपात नेले, आणि पुढे मागणी इतकी वाढली की १८६४ ला स्पेनने ती बेटंच ताब्यात घेतली. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही म्हणून नत्र (नायट्रोजन) धुऊन जात नाही आणि थरावर थर चढत राहतात, हे वाचलं तेव्हा गंमत वाटली फक्त, त्याचा आपल्या धंद्याशी काय संबंध ते नंतर कळलं.

आम्ही एका व्यापाऱ्याकडून दोन गोण्या घेतल्या, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाव पाव किलोची पाकिटं केली, नाकाला रुमाल बांधून, कारण ही धूळ छातीत जाता कामा नये. सोसायटीतल्या बायका, मग दादरच्या ओळखी, व्हॉट्सॲपवर ऑर्डरी. आणि मग जुलै आला. पाकिटावर आम्हीच छापलं होतं "दर पंधरा दिवसांनी मूठभर". ग्रिलमधल्या कुंड्यांवर धो धो पाऊस, खत खालून वाहून जातंय, खालच्या मजल्यावरच्यांचे पांढरे कपडे तपकिरी झाले, त्यांची भांडणं वेगळीच. ज्यांची कुंडी आत होती त्यांच्या मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या. एका आजींनी वीस वर्षांचं झाड दाखवलं तेव्हा मला बोलताच येईना. त्यांचे पैसे परत केले, झाड आम्ही घरी आणलं, वरची माती काढून भरपूर पाण्याने धुतलं, ते वाचलं.

जे खत पाऊस नाही म्हणून तयार होतं ते मुंबईच्या पावसात कसं टिकणार! तेव्हापासून जून ते सप्टेंबर आम्ही ग्वानो विकत नाही, कितीही फोन आले तरी. त्या चार महिन्यांत कोकोपीट आणि निंबोळी पेंड यावर भागवतो, पैशाची ओढाताण होतेच, पण नाही म्हणजे नाही.

आता पाकिटावर असं छापतो: दहा-बारा इंची कुंडीला महिन्यातून एकदा चहाचा एक सपाट चमचा, खोडापासून लांब, मातीत मिसळून वर पाणी. आणि एनपीके, म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांचं प्रमाण, बघूनच घ्या हो, कारण सगळं ग्वानो सारखं नसतं. समुद्रपक्ष्यांच्यात नत्र भरपूर, ते जास्त झालं की पानंच पानं. ग्वानो वटवाघळांच्या विष्ठेचंही असतं, त्याच्या जुन्या साठ्यातल्यात स्फुरद जास्त, ते कळ्या धरायच्या वेळी बरं, म्हणजे मोगऱ्याला जानेवारीच्या छाटणीनंतर नवी फूट आली की. जास्वंदाला मात्र हात आखडता, स्फुरद वाढलं की लोह मिळत नाही आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं. लोक आणखी खत घालतात, तिथेच झाड बिघडतं.

कबुतरांचं चालेल का, हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. अजिबात नको. ताजी विष्ठा मुळं जाळते आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना वाईट.

आजींचा मोगरा त्यांनी परत नेला नाही, म्हणाल्या तुमच्याकडेच राहू दे. यंदाची छाटणी जाऊबाईंनी केली, काल त्याला पहिली कळी दिसली, फोटो आजींना पाठवलाय.